वाचकांचे प्रश्न : ड्यूररचे 'मेलेंकोलिया १'

गेल्या अंकाच्या मलपृष्ठावर आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराचे 'मेलेंकोलिया १' हे १५१४ सालचे मुद्राचित्र आम्ही छापले होते. त्याखाली चित्रकाराचे नाव आणि साल यांपलीकडे काही लिहिले नव्हते. त्यावर आलेली पत्रे पाहता ते वाचकांना पुरेसे वाटलेले नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्या पत्रांतील काही प्रश्न व त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : चित्रात इतक्या वस्तू आहेत की नजर कोठे ठेवावी ते कळत नाही. पंख असलेली ही स्त्री कोण? हाताशी इतकी साधने असताना ती अशी हताश का बसली आहे? प्रत्येक वस्तूचा अर्थ सांगणारी एखादी यादी द्याल का? (एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

स्त्री कोण, याचे उत्तर चित्रातच लिहिलेले आहे. डावीकडे वर, समुद्रावरच्या आकाशात वटवाघळासारखा एक प्राणी उडतो आहे आणि त्याच्या अंगावर पसरलेल्या पट्टीवर 'मेलेंकोलिया' ही अक्षरे व त्यांच्यापुढे रोमन एकचा आकडा आहे. बसलेली स्त्री म्हणजे हीच मेलेंकोलिया, अर्थात विषण्ण प्रकृतीला दिलेले मानवी रूप. विद्या, सद्गुण, ऋतू यांना स्त्रीरूपात दाखवण्याची युरोपात जुनी रीत होती. त्यामुळे पंख पाहून तिला बायबलमधील देवदूत समजण्याचे कारण नाही.

ती अशी का बसली आहे हे समजण्यासाठी त्या काळच्या वैद्यकाकडे वळावे लागते. ग्रीकांपासून चालत आलेल्या त्या वैद्यकानुसार शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव असतात व ज्याचे प्राबल्य अधिक त्याप्रमाणे माणसाची प्रकृती ठरते. आपल्या त्रिदोषांशी याचे वरवर साम्य दिसते, परंतु तेथे प्रत्येक द्रवाला एक ऋतू, आयुष्याचा एक टप्पा, दिवसाचा एक प्रहर आणि एक ग्रहही जोडलेला होता. काळ्या पित्ताच्या वाट्याला आले ते शरदाचे दिवस, उतरते वय, संध्याकाळ आणि शनी. शनीची धास्ती म्हणजे काय ते मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. मध्ययुगीन युरोपातही शनीच्या अमलाखालची माणसे सुस्त, कृपण, घुमी आणि कामचुकार समजली जात, आणि पंचांगवजा पुस्तकांतील चित्रांत विषण्ण प्रकृतीची बाई हातातले सूत टाकून डुलक्या घेताना दाखवत.

ही समजूत पालटली ती पंधराव्या शतकाच्या शेवटी. फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ मार्सिलिओ फिचिनो याने १४८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका जुन्या प्रश्नाला नव्याने महत्त्व दिले. तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य आणि कला यांत असामान्य ठरलेली माणसे विषण्ण प्रकृतीचीच का असतात, असा तो प्रश्न होता. फिचिनो स्वतःला शनीच्या प्रभावाखालचा मानत असे. त्याच्या मते शनी माणसाला खाली ओढतो हे खरे, पण खोल विचाराची ताकदही तोच देतो. ड्यूररची मेलेंकोलिया या दुसऱ्या परंपरेतली आहे. ती झोपलेली नाही. तिचे डोळे टक्क उघडे आहेत, आणि चेहरा सावलीत काळवंडलेला असल्यामुळे बुबुळांभोवतीचा पांढरा भाग अधिकच उठून दिसतो.

आता यादीविषयी. अशा याद्या पुष्कळ मिळतात आणि त्यांपैकी बहुतेकींवर विसंबू नये, असे आमचे मत आहे. कारण ड्यूररने स्वतः अर्थ लिहून ठेवला आहे तो फक्त दोन वस्तूंचा. स्त्रीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे आणि झग्याच्या घोळाजवळ पैशाचा बटवा लोंबतो आहे. या चित्राच्या तयारीतील एका कच्च्या रेखाटनावर त्याने टीप केली आहे की किल्ली म्हणजे सत्ता आणि बटवा म्हणजे संपत्ती. बाकी वस्तूंबाबत त्याचा एक शब्दही मिळत नाही. काही गोष्टी तत्कालीन समजुतींवरून खात्रीने सांगता येतात. मुठीवर टेकलेले डोके ही विषण्णतेची ठरलेली बैठक होती. कुत्रा हा त्या प्रकृतीचा प्राणी मानला जाई. आणि डोक्यावरची वेटोळी पाणवनस्पतींची असल्यामुळे ती काळ्या पित्ताच्या कोरडेपणावरचा उतारा असावी, हे अभ्यासकांचे मत पटण्यासारखे आहे. पण करवतीचा अर्थ अमुक, घंटेचा अर्थ तमुक अशी कोष्टके मांडू लागलो की चित्र बाजूला राहते आणि कोडे तेवढे हातात उरते.

त्यापेक्षा या वस्तू कोणाच्या कामाच्या आहेत हे पाहावे. खाली जमिनीवर रंधा, करवत, सरळ पट्टी, खिळे, पक्कड आणि नक्षीची कड आखण्याचा साचा पडला आहे, म्हणजे हे सुताराचे आणि बांधकाम करणाऱ्याचे सामान. डावीकडे बहुफलकी दगडाच्या मागे निखाऱ्यांवर मूस ठेवली आहे, ती धातूकाम करणाऱ्याची. भिंतीवर तराजू, वाळूचे घड्याळ, घंटा आणि आकड्यांचा चौकोन टांगला आहे. पुढे एक निर्दोष गोल आहे आणि स्त्रीच्या हातात कंपास आहे. वजन, वेळ, अंतर, कोन, संख्या, आकार, यांतील ज्याचे म्हणून मोजमाप होते त्याचे साधन येथे हजर आहे. त्या काळच्या पुस्तकांत भूमितीविद्येचे चित्र असेच काढत; एक स्त्री आणि तिच्याभोवती मोजमापाची व बांधकामाची हत्यारे. एर्विन पॅनॉफ्स्की आणि फ्रिट्झ झाक्सल या अभ्यासकांनी १९२३ मध्ये असे दाखवून दिले की ड्यूररने भूमितीचे हे चित्र आणि विषण्ण प्रकृतीचे चित्र एकात एक मिसळले आहे. शंभर वर्षांत त्यांच्या तपशिलांवर पुष्कळ आक्षेप घेतले गेले, परंतु हा पाया अजून हललेला नाही.

ड्यूररला भूमितीचे वेड होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. मानवी देहाचे सौंदर्य प्रमाणांत पकडता येईल या विश्वासाने त्याने वर्षानुवर्षे मापे घेतली, १५२५ मध्ये कंपास आणि पट्टीने मापन कसे करावे यावर पुस्तक छापले, आणि मानवी प्रमाणांवरचे त्याचे चार खंड १५२८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी बाहेर पडले. याच माणसाने हे चित्र कोरण्याच्या एकदोन वर्षे आधी, चित्रकलेवरील नियोजित ग्रंथाच्या कच्च्या मसुद्यात लिहिले आहे की सौंदर्य म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. हे वाक्य शेजारी ठेवले की स्त्रीच्या हातातल्या कंपासाकडे आपण निराळ्या नजरेने पाहतो. तो कामाला धरावा तसा धरलेला नाही. मांडीवरच्या मिटलेल्या पुस्तकावर हात टेकला आहे आणि बोटांत कंपास नुसता राहिला आहे. हत्यार मोडलेले नाही, हातही थकलेला नाही. मोजता येण्याजोगे सगळे मोजून झाल्यावर जे उरते त्याला कोणते माप लावावे, येथे ती अडली आहे.

तिच्या शेजारी, गिरणीच्या जुन्या दगडावर बसलेले पंखवाले बाळ मात्र पाटीवर एकाग्र होऊन काहीतरी गिरवते आहे. ते काय लिहिते ते ड्यूररने दाखवलेले नाही. पॅनॉफ्स्कीने या जोडीचे केलेले वर्णन अजूनही चोख वाटते : बाळ विचाराविना कृती करते आणि स्त्री कृतीविना विचार करते.

प्रश्न : भिंतीवरच्या चौकोनातील आकड्यांची बेरीज कोणत्याही बाजूने ३४ येते. खजुराहोच्या जैन मंदिरातील चौतिसा यंत्राचीही बेरीज ३४ आहे. ही विद्या ड्यूररला भारतातून मिळाली असे म्हणता येईल का? (गणिताचा एक विद्यार्थी, सोलापूर)

केवळ बेरीज सारखी आहे एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही, आणि त्याचे कारण आपणच पाटीवर काढू शकाल. १ ते १६ या संख्यांची एकूण बेरीज १३६ होते. ती चार ओळींत समान वाटली की प्रत्येक ओळीला ३४ च येतात. म्हणजे १ ते १६ हे आकडे एकेकदा वापरून जगात कोणीही, कोठेही चार बाय चारचा जादूचा चौरस केला तरी उत्तर ३४ शिवाय दुसरे येऊच शकत नाही. असे चौरस, फिरवून किंवा उलटवून मिळणारे वगळले तरी, ८८० आहेत. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातील चौरस आणि ड्यूररचा चौरस हे त्यांपैकी दोन वेगळे चौरस आहेत.

खजुराहोच्या चौरसाची पहिली ओळ ७, १२, १, १४ अशी आहे. त्याखाली २, १३, ८, ११, मग १६, ३, १०, ५ आणि शेवटी ९, ६, १५, ४. यात मुख्य कर्णच नव्हे तर तुटक कर्णही ३४ भरतात. उदाहरणार्थ, पहिल्या ओळीतील १२ पासून तिरके खाली उतरत ८ आणि ५ घ्यावे व शेवटच्या ओळीच्या आरंभीचे ९ त्यांत मिळवावे. ड्यूररच्या चौरसात ओळी अशा : १६, ३, २, १३; ५, १०, ११, ८; ९, ६, ७, १२; ४, १५, १४, १. येथे त्याच रीतीने ३, ११, १२ आणि ४ घेतले तर ३० च होतात. कसबाच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या चौतिसा यंत्राचे पारडे जड आहे, हे सांगायला संकोच नको. नारायण पंडिताने तर १३५६ मध्ये 'गणितकौमुदी'त भद्रगणित नावाचे एक सबंध प्रकरणच अशा चौरसांना दिले आहे.

युरोपाकडे ही विद्या मुख्यतः अरबी ग्रंथांतून आली आणि तेथे एकेका चौरसाचा एकेका ग्रहाशी संबंध जोडला गेला. चार बाय चारचा चौरस गुरूचा. फिचिनोच्या परंपरेत शनीचा जाच हलका करायला गुरूचे बळ घ्यावे असे सांगत, आणि म्हणूनच शनीच्या छायेत बसलेल्या स्त्रीच्या डोक्यामागे गुरूचा चौरस टांगला आहे, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. आपल्याकडे शनीसाठी मारुतीकडे जातात, तेथे गुरूकडे जात, एवढाच फरक.

ड्यूररने मात्र प्रचलित चौरस जसाच्या तसा घेतला नाही. गुरूचा म्हणून जो चौरस पुढे छापील ग्रंथांत येतो तो ४, १४, १५, १ या ओळीने सुरू होतो आणि १६, २, ३, १३ या ओळीने संपतो. ड्यूररचा चौरस म्हणजे हाच चौरस खालचा वर करून आणि मधल्या दोन उभ्या ओळींची अदलाबदल करून मिळणारा. या अदलाबदलीने बेरजेला काही धक्का लागत नाही, पण तळाच्या ओळीत १५ आणि १४ शेजारी येतात व चित्राचे साल उमटते. त्या दोहोंच्या कडेला उरलेले ४ आणि १ हे वर्णमालेतील चौथे व पहिले अक्षर धरले तर ड्यूररची आद्याक्षरे मिळतात. हे त्याने मुद्दाम केले की आपसूक झाले, यावर वाद घालायला हरकत नाही. सालाबाबत मात्र शंका घेण्याचे कारण दिसत नाही. आपल्याला आणखी एक गंमत सापडेल : मध्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर येणाऱ्या कोणत्याही दोन आकड्यांची बेरीज १७ होते.

जाता जाता, बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया या चर्चच्या एका दर्शनी भिंतीवर याच चौरसाची विसाव्या शतकातील आवृत्ती कोरलेली आहे. तेथे बेरीज ३३ यावी म्हणून १० आणि १४ हे आकडे दोनदा वापरून १२ आणि १६ गाळले आहेत. आपल्यासारख्या गणिताच्या विद्यार्थ्याला ती तडजोड रुचेल असे वाटत नाही.

प्रश्न : शीर्षकात 'एक' आहे, तर 'दोन' आणि 'तीन' कोठे आहेत? (एक वाचक, नाशिक)

ते ड्यूररने कधी कोरल्याचे आढळत नाही. सर्वांत मान्य खुलासा हाइनरिश कॉर्नेलियस अग्रिप्पा या जर्मन विद्वानाच्या लिखाणावर उभा आहे. गूढविद्येवरील त्याच्या ग्रंथाचा पहिला खर्डा १५१० मध्ये हस्तलिखित रूपाने तयार होता, आणि त्यात विषण्ण प्रतिभेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : पहिली कल्पनाशक्तीची, जी चित्रकार व कारागिरांच्या वाट्याला येते, दुसरी तर्कबुद्धीची, जी विद्वान व राजकारण्यांची, आणि तिसरी त्याहून वरच्या मनःशक्तीची, जी द्रष्ट्यांची. या हिशोबाने 'एक' म्हणजे कलावंताची विषण्णता, आणि 'दोन' काढण्याची गरजच उरत नाही. तो आकडा (I) नसून 'जा' अशा अर्थाचे लॅटिन आज्ञार्थी क्रियापद आहे, असेही काहींनी सुचवले आहे. ते चतुर आहे, पण भोवतालचे सगळे चित्र पाहता ही बया निघून जायच्या तयारीत आहे असे आम्हांला तरी दिसत नाही.

प्रश्न : मी जर्मनीत नोकरीला आहे आणि न्यूर्नबर्गमधील ड्यूररचे घर पाहून आले. तेथून परतल्यावर वाचले की १५१४ मध्ये त्याची आई वारली. मग हे चित्र त्याच्या शोकाचेच नाही का? (एक वाचक, एर्लांगेन)

आई गेली ती १५१४ च्या मे महिन्यात. त्याआधी मार्चमध्ये ड्यूररने कोळशाने तिचे एक रेखाचित्र काढले, जे आज बर्लिनच्या संग्रहात आहे. त्रेसष्ट वर्षांची, गालफडे बसलेली, कपाळाच्या शिरा उठलेली आणि एक डोळा किंचित बाहेर वळलेली ती बाई पाहिली की अठरा बाळंतपणे आणि घरातले अनेक मृत्यू सोसलेला देह म्हणजे काय ते उमगते. चित्राच्या कडेला त्याने आधी तिचे वय लिहिले आणि नंतर शाईने तिच्या मृत्यूची नोंद केली. शोकाचे चित्र पाहायचे तर ते हे आहे.

'मेलेंकोलिया'वर साल आहे, महिना नाही. शिवाय त्याच वर्षी त्याने संत जेरोमचे मुद्राचित्र कोरले, ज्यात काचेच्या गोल तावदानांतून आत आलेल्या उन्हात म्हातारा संत शांतपणे लिहीत बसला आहे आणि सिंह व कुत्रा दारापाशी पेंगत आहेत. तेथे प्रत्येक वस्तू आपापल्या जागी आहे. ही दोन्ही चित्रे एकाच आकाराची आहेत, आणि १५२०-२१ च्या नेदरलँड्सच्या प्रवासात ड्यूरर ती पुष्कळदा जोडीनेच भेट देत असे, हे त्याच्या रोजनिशीवरून कळते. म्हणून ती समोरासमोर ठेवून पाहावीत, हे बरे. एकट्या 'मेलेंकोलिया'त आईचा मृत्यू शोधला तर तो सापडेल, कारण शोधणाऱ्याला या चित्रात काहीही सापडते.

प्रश्न : आमच्याकडे चांदीवर नक्षी कोरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या आहे. हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले आहे असे ऐकले. हत्यार कोणते, आणि इतका बारीक काळा-पांढरा उतार कसा साधतो? (एक कारागीर, हुपरी)

आपण विचारलेला प्रश्न ड्यूररच्या घरातलाच आहे. त्याचे वडील न्यूर्नबर्गचे सोनार होते आणि मुलाला त्यांनी आधी आपल्याच धंद्यात घातले होते. चित्रकार मिखाएल वोल्गेमुट याच्याकडे तो उमेदवारीला गेला तो १४८६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी. तांब्यावर कोरून छापण्याची कला सोनारांच्या दुकानातूनच निघाली, आणि तिचे मुख्य हत्यार म्हणजे ब्युरिन. पोलादाची चौकोनी सळई, टोक तिरके घासलेले आणि मागे तळहातात बसणारी लाकडी मूठ. आपल्या हातातल्या कोरणीचा हा सख्खा भाऊच समजावा.

घासून आरशासारखा केलेला तांब्याचा पत्रा चामड्याच्या उशीवर ठेवतात आणि हत्यार पुढे ढकलत चर पाडतात. वळणदार रेषा काढायची असेल तर हात फारसा वळत नाही. उशीवरचा पत्रा फिरतो. दाब वाढवला की चर खोल व रुंद होतो, हलका केला की निमुळता होत संपतो. चराच्या कडेला उठलेली तांब्याची खरखर तासणीने काढून टाकतात. मग पत्र्यावर शाई चोळायची, वरची पुसून चरांतली तेवढी राखायची, ओलसर कागद ठेवून रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा, की चरांतली शाई कागद उचलून घेतो. काळ्याचा उतार साधतो तो केवळ रेषांनी. झग्याच्या घड्या भिंगातून पाहिल्या तर कापडाच्या वळणाबरोबर धावणाऱ्या रेषा, त्यांना तिरक्या छेदणाऱ्या दुसऱ्या, आणि गडद जागी त्यांच्या जाळीच्या घरांत टिंबासारखे मारलेले बारीक फटके दिसतात. करड्या रंगाचा एक थेंबही कोठे नाही. एरास्मस या विद्वानाने १५२८ मध्ये ड्यूररची स्तुती करताना हेच म्हटले की प्राचीन चित्रकारांना रंग लागत, हा केवळ काळ्या रेषांनी सगळे दाखवतो.

आपल्या कामात आणि यात एक मोठा फरक आहे. छाप उलटा पडतो, म्हणून पत्र्यावर सगळे उलटे कोरावे लागते. 'मेलेंकोलिया'च्या अगदी सुरुवातीच्या प्रतींत जादूच्या चौरसातील ९ चा आकडा उलटा छापला गेला आहे. पुढे त्याने तो पत्र्यावरच दुरुस्त केला, आणि म्हणून नंतरच्या प्रतींतला ९ सुलटा असला तरी थोडा विचित्र दिसतो. तांब्यातली चूक पुसता येत नाही. ती तासायची, पत्रा मागून ठोकून पातळी सारखी करायची आणि पुन्हा कोरायची. हे किती किचकट आहे ते आपणास सांगायला नको.

प्रश्न : जुन्या बाजारात एका पिवळट कागदावर हे चित्र मिळाले. काठाने दाबल्याची खूणही आहे. ते मूळ असू शकेल का? (एक वाचक, पुणे)

शक्यता फार कमी आहे, पण तपासायला हरकत नाही. आधी माप घ्यावे : मूळ चित्र सुमारे २४ सेंटिमीटर उंच आणि १८.५ ते १९ सेंटिमीटर रुंद आहे. नंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग लावावे. रेषा बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली तर ते यंत्रावर छापलेले आधुनिक चित्र, विषय संपला. रेषा अखंड असतील तरी हुरळून जाऊ नये. योहान वीरिक्सने १६०२ मध्ये या चित्राची तांब्यावर हुबेहूब नक्कल कोरली होती, आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आमाँ-द्युराँने छायाचित्रावरून धातूचे पत्रे तयार करून ड्यूररच्या चित्रांच्या उत्तम प्रती काढल्या. त्यांच्यावरही पत्र्याच्या दाबाची खूण असते. कागद उजेडासमोर धरला असता जुन्या हातकागदातील जाळीच्या रेषा आणि पाणखूण, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, दिसते का ते पाहावे. कागद चौकटीत डकवलेला असेल तर तो ओढून काढू नये आणि पिवळेपणा घालवायला पाणी तर मुळीच लावू नये. एखाद्या संग्रहालयातील मुद्राचित्रांच्या जाणकाराला तो आहे तसा दाखवावा. नुसते पाहण्याचा आनंद हवा असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्याकडील प्रतीचे मोठ्या आकाराचे छायाचित्र सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे, आणि त्यात बहुफलकी दगडाच्या पुढच्या फलकावर पुसट कवटीसारखे काही दिसते का, हा वादही आपला आपल्याला मिटवता येईल. त्या दगडाला सहा पंचकोन आणि दोन त्रिकोण अशी आठ फलके आहेत. त्याचा सांगाडा ड्यूररने आधी वेगळा काढून पाहिला होता आणि ते रेखाटन ड्रेस्डेनला आहे.

प्रश्न : गोव्याहून पोर्तुगालला गेलेल्या गेंड्याचे चित्र काढणारा ड्यूरर तो हाच का? ते चित्रही असेच तांब्यावर कोरलेले आहे का? (एक वाचक, म्हापसा)

तोच हा. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सु द आल्बुकर्क याला भेट दिलेला तो गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. ड्यूररने त्याला कधीच पाहिले नाही. लिस्बनहून आलेले वर्णन आणि रेखाटन यांवरून त्याने त्याच वर्षी, म्हणजे 'मेलेंकोलिया'नंतर वर्षभरात, ते चित्र केले आणि गेंड्याच्या खांद्यावर प्रत्यक्षात नसलेले एक छोटे शिंगही रेखाटले. ते मात्र लाकडी ठशाचे आहे. लाकडात रेषा शिल्लक ठेवून भोवतालचे लाकूड काढतात आणि शाई उंच भागाला लागते. तांब्यात याच्या नेमके उलट. लाकडी ठसा टंकांच्या अक्षरांबरोबर एकाच दाबाखाली छापता येतो, म्हणून गेंड्याच्या चित्रावर पाच ओळींचा छापील मजकूर आहे. 'मेलेंकोलिया'वरची अक्षरे मात्र ड्यूररने चित्राबरोबरच तांब्यात कोरलेली आहेत.